प्रकाशाच्या बळावर राबणारा कर्ब
(वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानावरून)



संमेलनाच्या या आनंदाच्या प्रसंगी एखाद्या शास्त्रीय विषयावर चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारी मंडळाने मला आज्ञा केली. कार्यवृत्त आणि हिशेब यांच्यानंतर व स्नेहभोजनाच्या आधी रसायनशास्त्रावर बोलणे हे एक धाडसच होय, याची मला जाणीव आहे. तथापि जो विषय मी निवडला आहे, त्याची सामग्री आपणांस परकी नाही. समईची काजळी, लिंबाचे सत्त्व, शेतातला युरिया आणि अंगणातले ऊन, एवढ्या ओळखीच्या वस्तूंभोवती तो फिरतो.

हा विषय निवडण्यास दोन कारणे आहेत. आपल्यापैकी काही घरांतील मुलेमुली आज रसायनशास्त्रात व पदार्थविज्ञानात उच्च शिक्षण घेत आहेत. "तू प्रयोगशाळेत करतोस तरी काय?" असे आजोबांनी विचारले, की "कर्बाचे नॅनो पदार्थ" असे उत्तर येते आणि संभाषण तेथेच थांबते. ते पुढे चालावे, हे पहिले कारण. दुसरे कारण असे की, 'नॅनो' हा शब्द आता बाजारातही आला आहे. पाणी शुद्ध करणारी पूड, हवा शुद्ध करणारा रंग अशा वस्तूंवर तो झळकतो. त्यातले खरे किती हे ओळखण्याची कसोटी सामान्य गृहस्थाच्या व गृहिणीच्या हाती असली पाहिजे. ती कसोटी आपल्या हाती द्यावी, हाच माझ्या आजच्या बोलण्याचा मुख्य हेतू आहे.

उत्प्रेरक म्हणजे काय?

दोन पदार्थांचा संयोग घडवून आणणारा, परंतु स्वतः त्यात खर्ची न पडणारा जो तिसरा पदार्थ, त्यास उत्प्रेरक म्हणतात. या क्रियेला आज रूढ असलेले पाश्चात्त्य नाव स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी १८३५ साली दिले. वधूवर सूचक मंडळांचे काम आपणां सर्वांस परिचित आहे. मध्यस्थ दोन घरांची गाठ घालून देतो, कार्य पार पडते, आणि तो पुढच्या घरी त्याच कामासाठी मोकळा राहतो. मध्यस्थ नसता तरी ते लग्न कदाचित झालेही असते; पण त्याला किती वर्षे लागली असती कोण जाणे! उत्प्रेरक हा रेणूंच्या जगातला असा मध्यस्थ आहे.

काही कामांना मात्र मध्यस्थी पुरत नाही. बाहेरून शक्तीही पुरवावी लागते. पाण्याचे विघटन करून हायड्रोजन व प्राणवायू वेगळे करणे हे असे काम आहे. ही शक्ती जो प्रकाशातून घेतो आणि त्या बळावर विक्रिया घडवून आणतो, तो प्रकाश-उत्प्रेरक होय. झाडाचे हिरवे पान हेच करीत आले आहे. माणसाच्या प्रयत्नांतील मोठा टप्पा १९७२ साली आला. जपानचे फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पाडून पाण्याचे विघटन घडवून आणले व तो शोध 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. हा पदार्थ म्हणजे काही दुर्मीळ वस्तू नव्हे. भिंतींना व दारांना दिल्या जाणाऱ्या पांढऱ्या रंगातील तीच ती शुभ्र पूड.

सूर्यप्रकाश पुष्कळ, पण नाणे छोटे

मग अडले कोठे? ते समजण्यासाठी प्रकाशाचा एक स्वभाव ध्यानी घ्यावा लागेल. प्रकाश हा कणाकणांनी येतो. जंबुपार किरणांचा कण अधिक शक्तीचा, निळ्याचा त्याहून कमी, तांबड्याचा आणखी कमी. घन पदार्थातील इलेक्ट्रॉन जणू घराच्या तळमजल्यावर राहतात, आणि काही उंचीवर माडी असते. तळमजल्यावरील इलेक्ट्रॉनला एकाच प्रकाशकणाने एकाच झेपेत माडीवर पोहोचवले पाहिजे. मधल्या अंतराला आपण ऊर्जेची दरी म्हणू. रेल्वेच्या फलाटावर पूर्वी वजनाचे यंत्र असे, त्यात ठरावीक नाणेच टाकावे लागे. त्याहून लहान नाणी कितीही टाकली तरी तिकीट बाहेर पडत नसे. येथेही तोच न्याय आहे. तांबडा प्रकाश कितीही प्रखर केला, तरी त्याचा एकेक कण दरीहून तोकडा असेल तर काम होत नाही.

टायटॅनियम डायऑक्साइडची दरी सुमारे ३ ते ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी रुंद आहे. तिला फक्त जंबुपार किरणांचे मोठे नाणे चालते, आणि जमिनीवर पोहोचणाऱ्या सूर्यप्रकाशात ते शेकडा ५ च्या आसपासच असते. अंगणात ओतलेल्या शंभर भागांपैकी पंचाण्णव भाग वाया जातात. दृश्य प्रकाशाचे लहान नाणे स्वीकारणारा, स्वस्त, आणि प्लॅटिनमसारख्या महाग धातूंवर विसंबून नसणारा पदार्थ हवा, हा शोध तेव्हापासून चालू आहे. त्या शोधात शास्त्रज्ञांची दृष्टी कर्बाकडे वळली.

काजळीचे कुळ

कर्ब आपणांस कोळशाच्या, पेन्सिलीतील शिशाच्या आणि हिऱ्याच्या रूपाने ठाऊक आहे. गेल्या चाळीस वर्षांत त्याची नवी रूपे उजेडात आली. १९८५ साली क्रोटो, स्मॉली व कर्ल यांना साठ अणूंचा चेंडूसारखा रेणू सापडला. १९९१ साली जपानच्या इजिमा यांनी कर्बाच्या सूक्ष्म नळ्यांचे वर्णन केले. २००४ साली गाइम व नोवोसेलोव्ह यांनी एकाच अणूच्या जाडीचा कर्बाचा पत्रा, म्हणजे ग्राफीन, वेगळा केला. त्याच वर्षी अमेरिकेत नळ्यांची काजळी शुद्ध करीत असताना काही प्रकाशमान कण वेगळे झाले. त्यांना पुढे कर्बबिंदू हे नाव मिळाले. हे बिंदू साधारणतः १० नॅनोमीटरहून लहान असतात. एका मीटरचे शंभर कोटी भाग केले, तर त्यांतील एक भाग म्हणजे नॅनोमीटर.

सूक्ष्मतेचा लाभ कोणता? उत्प्रेरकाचे काम पृष्ठभागावर चालते, आणि वस्तू जितकी बारीक तितका तिचा पृष्ठभाग अधिक. एक ग्रॅम ग्राफीनच्या दोन्ही बाजूंचा पृष्ठभाग गणिताने सुमारे २६०० चौरस मीटर भरतो. चिमूटभर काळी पूड पसरली तर जवळजवळ १३ गुंठे जमीन झाकेल! एवढे मोठे अंगण, स्वस्त द्रव्य आणि वर्ण काळा, म्हणजे सर्व प्रकारचा प्रकाश शोषणारा. याहून अधिक काय हवे?

परंतु येथेच निसर्गाने मेख मारून ठेवली आहे. लोखंडी काळा तवा उन्हात ठेवला तर तोही प्रकाश शोषतो. पण त्यातून उष्णतेपलीकडे काही निष्पन्न होत नाही. शुद्ध ग्राफीनमध्ये तळमजला आणि माडी यांच्यामध्ये दरीच नाही. प्रकाशाने वर उचललेला इलेक्ट्रॉन अत्यल्प काळात खाली घरंगळतो आणि मिळालेली शक्ती उष्णतेत उधळून टाकतो. त्याच्या हातून काम करवून घ्यायचे, तर त्याला थोडा वेळ तरी वर थोपवून धरले पाहिजे.

परक्या अणूचे कार्य

शुद्ध सोने फार मऊ असते. त्याचा दागिना टिकत नाही, म्हणून सोनार त्यात थोडे तांबे मिसळतो. ही भेसळ नव्हे. प्रमाण ठरवून, हेतू मनात धरून केलेले ते मिश्रण आहे. कर्बाच्या जाळीतही काही कर्ब-अणू काढून त्यांच्या जागी दुसऱ्या मूलद्रव्याचे अणू बसवितात. या क्रियेला डोपिंग म्हणतात. आपण तिला अल्पमिश्रण म्हणू. परक्या अणूंचे प्रमाण बहुधा शेकडा काही अणू इतकेच असते.

मूलद्रव्यांच्या कोष्टकात बोरॉन, कर्ब आणि नत्र हे तिघे सख्खे शेजारी आहेत. टाकणखारात असलेल्या बोरॉनच्या बाहेरच्या कक्षेत ३ इलेक्ट्रॉन, कर्बाच्या ४ आणि नत्राच्या ५ असतात. आकारमान जवळपास सारखे असल्यामुळे नत्र किंवा बोरॉन कर्बाच्या जागी बेमालूम बसतो. मात्र हिशेबात एक इलेक्ट्रॉन वाढतो अथवा घटतो. गंधक आणि स्फुरद यांचाही असा उपयोग करतात. या एवढ्याशा फरकाने तीन गोष्टी घडतात.

पहिली गोष्ट अशी की, नत्र कर्बापेक्षा इलेक्ट्रॉन अधिक जोराने स्वतःकडे ओढतो, त्यामुळे शेजारचा कर्ब किंचित धनभारित होतो. सर्वत्र सारख्या असलेल्या सपाट पत्र्यावर आता रेणूंना टेकावयास ठिकाण मिळते. अशा नत्रयुक्त नळ्या धातूवाचून प्राणवायूची विद्युत्-विक्रिया उत्तम रीतीने घडवितात, हे अमेरिकेतील लिमिंग दाय यांच्या गटाने २००९ साली दाखवून दिले. तेथे प्रकाशाचा संबंध नव्हता. परंतु परक्या अणूच्या शेजारी कामाची जागा तयार होते, ही कल्पना तेथून दृढ झाली. दुसरी गोष्ट, अल्पमिश्रणाने ऊर्जेच्या पायऱ्या बदलतात. ग्राफीनला दरी नव्हती, तेथे ती निर्माण होऊ शकते. कर्बबिंदूंचा कल मुळात जंबुपार व निळ्या प्रकाशाकडे असतो, तेथे मधल्या पायऱ्या तयार होऊन अधिक लहान नाणेही चालू लागते. तिसरी गोष्ट, वर गेलेला इलेक्ट्रॉन आणि खाली राहिलेली त्याची रिकामी जागा या दोहोंची फारकत काही काळ टिकते. त्या अवधीत इलेक्ट्रॉन प्राणवायूच्या रेणूवर जाऊन त्याला तिखट बनवितो. रिकामी जागा पाण्यातून किंवा मलिन द्रव्यातून इलेक्ट्रॉन खेचून घेते. अशा रीतीने उत्पन्न होणारे अल्पायुषी पण अत्यंत क्रियाशील रेणू पाण्यातील रंगाचे व मलिन द्रव्यांचे तुकडे पाडतात.

येथे प्रमाणाला मोठे महत्त्व आहे. परके अणू फार झाले, तर तेच इलेक्ट्रॉनांचे सापळे बनतात आणि ज्यांची फारकत करावयाची त्यांचे तेथेच पुनर्मीलन होते. जागेलाही महत्त्व आहे. पत्र्याच्या कडेस बसलेला नत्र आणि मध्यभागी बसलेला नत्र यांचे गुण निराळे. म्हणून "नत्र घातला" एवढे सांगून भागत नाही. किती घातला आणि कोठे बसला, हे दाखवावे लागते. आपल्या देशातही या विषयाचा अभ्यास झाला आहे. बेंगळूरचे सी. एन. आर. राव, ज्यांना २०१४ साली भारतरत्न प्रदान झाले, त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बोरॉनयुक्त आणि नत्रयुक्त ग्राफीनवरील महत्त्वाचे संशोधन २००९ साली प्रसिद्ध केले.

नत्रयुक्त कर्बबिंदू बनविण्याची एक रीत तर अगदी साधी आहे. लिंबाचे सत्त्व म्हणजे सायट्रिक आम्ल आणि युरिया पाण्यात विरघळवून बंद पोलादी भांड्यात सुमारे २०० अंशांपर्यंत काही तास तापवितात. भगिनींनी हा प्रयोग घरच्या कुकरमध्ये करून पाहू नये, अशी माझी विनंती आहे. कुकर सुमारे १२० अंशांपर्यंतच जातो, आणि त्यापुढचा दाब त्याच्यासाठी नाही. केवळ युरिया किंवा मेलामाइन सुमारे ५५० अंशांवर भाजले, तर पिवळसर रंगाचे कर्ब-नत्राचे संयुग मिळते. यात नत्र कर्बाहूनही अधिक असल्याने यास अल्पमिश्रण म्हणता येणार नाही. पण कुळ तेच. शिनचेन वांग, अँटोनिएटी, डोमेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या पदार्थाच्या योगे दृश्य प्रकाशात पाण्यातून हायड्रोजन मिळतो असे २००९ साली दाखविले. त्याची दरी सुमारे २.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे, म्हणजे निळ्या प्रकाशाचे नाणे त्याला चालते.

चार प्रश्नांची कसोटी

येथवरचे ऐकून श्रोत्यांपैकी कोणास वाटेल, की आता प्रश्न सुटला. नाही, खरा प्रश्न येथूनच सुरू होतो. या क्षेत्रात दररोज नवे निबंध प्रसिद्ध होतात, आणि त्यांतील पुष्कळ सारख्याच उत्साहाने "आमची पूड सर्वांत चांगली" असे सांगतात. त्यांना चार प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न: अंधारात काय होते? कोळसा पाण्यातील रंग शोषून घेतो, हे आपल्या घरातील पाण्याच्या यंत्रामुळे सर्वांना ठाऊक आहे. कर्बाची पूड रंगीत पाण्यात टाकून उन्हात ठेवली व पाणी निवळले, तर रंगाचा नाश झाला की तो नुसता पुडीला चिकटून बसला? चिकटून बसला असेल, तर घाण नष्ट झालेली नाही. तिने केवळ घर बदलले आहे. म्हणून तीच पूड, तेच पाणी, तेवढाच वेळ अंधारात ठेवून आधी पाहिले पाहिजे.

दुसरा प्रश्न: रंग गेला म्हणजे द्रव्य गेले काय? प्रयोगशाळांत मेथिलीन ब्ल्यू नावाचा निळा रंग या कामी नेहमी वापरतात. परंतु तो स्वतःच प्रकाश शोषतो, आणि त्यामुळे स्वतःच्या नाशाला स्वतःच हातभार लावू शकतो. श्रेय मात्र पुडीच्या पदरी पडते. शिवाय रंग जाऊनही रेणूचे रंगहीन, कदाचित अधिक उपद्रवी तुकडे पाण्यात उरू शकतात. म्हणून फिनॉलसारख्या रंगहीन पदार्थावर प्रयोग करावा आणि पाण्यातील सेंद्रिय कर्ब खरोखर किती घटला ते मोजावे. कर्बवायूपासून इंधन बनविल्याचा दावा असेल, तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. पूडच कर्बाची असल्यामुळे मिळालेले इंधन वायूतून आले की पुडीतूनच झिजून आले, हे १३ भाराच्या खुणेच्या कर्बाने पारखून घ्यावे.

तिसरा प्रश्न: कर्तबगारी कर्बाची की लपलेल्या धातूची? कर्बाच्या नळ्या वाढविताना लोह, निकेल वा कोबाल्ट वापरतात. त्यांचा लवलेश मागे राहिला तर तोच खरा कामकरी असू शकतो. आणि मिश्रण करण्याच्या हौसेला तर सीमाच नाही. प्राग येथील पुमेरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली या हौसेचा मोठा मार्मिक समाचार घेतला. त्यांनी ग्राफीनमध्ये चक्क पक्ष्यांची विष्ठा मिसळली आणि त्याची विद्युत्-उत्प्रेरणाची शक्ती वाढते असे प्रयोगाने दाखविले. विष्ठेत नत्र, स्फुरद, गंधक सर्वच असते! थट्टेच्या रूपाने त्यांनी विचारलेला प्रश्न गंभीर होता: जे काही घालावे त्याने गुण वाढतच असेल, तर "गुण वाढला" या बातमीतून आपण शिकलो काय? कारण कळल्याखेरीज केवळ आकडा म्हणजे ज्ञान नव्हे.

चौथा प्रश्न: काय खर्ची पडले? २००९ सालच्या ज्या प्रयोगाचा मी उल्लेख केला, त्यात रिकामी जागा भरून काढण्यासाठी ट्रायइथॅनॉलअमाइन हे रसायन पाण्यात घालावे लागले होते, आणि हायड्रोजन भरघोस मिळावा म्हणून प्लॅटिनमची मदतही घेतलेली होती. संशोधकांनी हे काही लपविले नाही. लपविले ते बातम्या देणाऱ्यांनी. एक मौल्यवान रसायन जाळून हायड्रोजन मिळविणे आणि केवळ पाण्यातून मिळविणे या दोन फार भिन्न गोष्टी आहेत.

हिशेबाची वही काय सांगते?

आता जमाखर्च पाहू. कर्बबिंदू आणि हे पिवळे संयुग यांची सांगड घालून, दुसरे कोणतेही रसायन खर्ची न घालता, सूर्यप्रकाशातील शेकडा २ भाग शक्ती हायड्रोजनमध्ये साठविल्याचा निष्कर्ष चिनी व इस्रायली संशोधकांनी २०१५ साली 'सायन्स' नियतकालिकात मांडला. दुसऱ्या बाजूस, जपानात डोमेन यांच्या गटाने १०० चौरस मीटरचे पडदे उघड्यावर मांडून जो प्रयोग केला आणि २०२१ साली प्रसिद्ध केला, त्यात जास्तीत जास्त शेकडा ०.७६ इतके फळ मिळाले. तेथील उत्प्रेरक कर्बाचा नव्हता, स्ट्रॉन्शियम व टायटॅनियम यांच्या संयुगाचा होता; पण त्यातही ॲल्युमिनियमचे अल्पमिश्रण केलेले होते. पेल्यातील प्रयोग आणि छपरावरील प्रयोग यांतील अंतर यावरून ध्यानी येईल. व्यापारी दृष्टीने परवडावयाचे तर शेकडा ५ ते १० पर्यंत मजल मारली पाहिजे, असे जाणकार मानतात.

पाणी शुद्ध करण्याचेही तसेच. इचलकरंजीसारख्या कापडाच्या गावी रंगाच्या सांडपाण्याचा प्रश्न किती बिकट आहे, हे त्या बाजूच्या मंडळींना सांगावयास नको. प्रयोगशाळेतील पेल्यात स्वच्छ पाणी व त्यात मोजका रंग असतो. प्रत्यक्ष सांडपाण्यात मीठ, सोडा, खळ आणि गढूळपणा असतो. गढूळपणा प्रकाश अडवितो, आणि क्षार ते अल्पायुषी क्रियाशील रेणू मध्येच गिळून टाकतात. शिवाय इतकी बारीक पूड पाण्यातून पुन्हा गोळा करावयाची कशी, हाही प्रश्न आहेच. म्हणून ही पूड आज ना उद्या उपयोगी पडेल अशी आशा जरूर बाळगावी. परंतु तिच्या नावावर आज कोणी बाटली विकू लागला, तर वरील चार प्रश्न विचारल्यावाचून पैसे काढू नयेत.

माझ्या या सांगण्याने तरुण विद्यार्थ्यांनी निराश होऊ नये. लिंबाच्या सत्त्वातून आणि युरियातून प्रकाशाने राबणारा पदार्थ निर्माण होतो, ही काही लहान गोष्ट नव्हे. खाणी ज्यांच्या ताब्यात, त्यांच्यापाशीच प्लॅटिनम. कर्ब आणि नत्र मात्र सर्वांचे आहेत, आणि ऊन तर आपल्याकडे उदंड आहे. जी विद्या इतक्या सर्वसामान्य द्रव्यांवर उभी राहते, तिचा लाभ गरीब देशांना आधी मिळण्याची शक्यता आहे. परंतु तो मिळावयाचा तर अंधारातला प्रयोगही तितक्याच निष्ठेने करणारे हात हवेत. त्या प्रयोगात बहुधा काही घडत नाही, त्याचे कोणी कौतुक करीत नाही, आणि तरीही उजेडातील यशाला अर्थ येतो तो त्याच्यामुळेच.

पालकांना माझी एवढीच प्रार्थना आहे. आपला मुलगा वा मुलगी सुटीत घरी आल्यावर "किती निबंध छापून आले?" असे विचारण्याआधी "अंधारात ठेवून पाहिलेस का?" असे विचारा. तो प्रश्न ऐकून आपल्या घरात आपले काम समजणारे कोणी आहे, एवढा धीर त्याला मिळेल. आणि अशा धीराची संशोधकाला मोठी गरज असते.